कुत्रं पाळून पहिल्या माणसाले काय भेटलं असंल?

धुऱ्यावरचा (केळापूर, जि. यवतमाळ)

राम राम मंडळी. मी कास्तकार माणूस हाय, आपल्या बोलीतच लिहितो.

आमचं वावर टिपेश्वरच्या जंगलाच्या अंगाले हाय. तुरीले शेंगा धरल्या का रोही आन रानडुकरं सुरू होतात. मंग जागलीले जाच लागते. माचानावर मी, खाली भुरी आन लाल्या. लाल्या नुसता भुकते, त्याच्या भुकण्याले काही अर्थ नाही. भुरीचं तसं नाही. डुक्कर असलं तं ती धुऱ्यापर्यंत पळत जाते आन लांब लांब भुकते. रोही असला तं दोन-चारदा भुकून गप बसते, पुढचं तुमचं तुम्ही पाहा. अनोळखी माणूस असला तं जागेवरून हालत नाही आन थांबतबी नाही. आन वाघ असला तं भुकतच नाही. माचानाच्या खांबाले अंग घासत बसते. त्या वेळी आपणबी खाली उतरायचं नाव घेत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. माझा भाचा यवतमाळले राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. दिवाळीले आला तं म्हणे, मामा, माणसानं सगळ्यात पहिले पाळलेलं जनावर म्हणजे कुत्रा. गाय, बकरी, मेंढी सगळ्याइच्या कितीतरी हजार वर्षं आधी. शेती नव्हती, गाव नव्हतं, तेव्हा लांडग्यापासून कुत्रा झाला. कशासाठी, तं म्हणे शिकारीसाठी. अन् पुस्तक मिटलं.

मले हे पटत नाही. लांडग्याचं पिल्लू घरी आणलं तं ते काही दुसऱ्या दिवशी ससा धरून देत नाही. मोठं झाल्यावर धरलाच तं स्वतःच खाईन. आम्ही गोऱ्हा पोसतो, दोन-तीन वर्षं त्याच्यापासून काहीच भेटत नाही. पण तो जुवाखाली येईन हे आपल्या बापानं पाह्यलं, आज्यानं पाह्यलं. बकरी पोसतो, कारण काहीच नाही जमलं तं कापून खाता येते. लांडगा पोसणाऱ्याच्या बापानं तं कुत्रा पाह्यलाच नव्हता! त्याले काय मालूम, का याच्या खापरनातवापासून भुरी निघणार हाय? तोवर याले मटन कोणं चारलं? तेही झोपडीत लहान लेकरं असताना?

कोणताच कास्तकार असा धंदा करत नाही. तो शिकारी माणूस तं आपल्याहून गरीब होता.

म्हणून विचारून राह्यलो: कुत्रं पुरतं कुत्रं व्हायच्या आधी माणसाले त्याच्यापासून काय भेटत होतं? भाचा म्हणते नेटवर पाहा. मले माणसाइले विचारायचं हाय.

---

गुरांचा_दवाखाना (निवृत्त, आर्वी)

भाऊ, प्रश्न चोख आहे. फक्त त्यात एक गोष्ट तुम्ही धरून चालला आहात, की कोणीतरी लांडगा आणला आणि पोसला. आणलाच नसेल तर?

मी पशुधन पर्यवेक्षक होतो, सगळी नोकरी वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यांत गेली. प्रत्येक गावाबाहेर मेलेलं ढोर टाकायची जागा असते. मी नोकरीला लागलो तेव्हा तिथं गिधाडं उतरायची आणि बैलाचा सांगाडा करून सोडायची. पुढं गिधाडं संपत गेली. गुरांना सूज-दुखण्यासाठी टोचायचं डायक्लोफिनॅक मेलेल्या ढोराच्या मांसातून त्यांच्या पोटात जायचं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली, पण तोवर उशीर झाला होता. जागा मात्र रिकामी राहिली नाही. कुत्री आली. कोणी त्यांना आवतण दिलं नव्हतं.

त्या जागी उभं राहून मी पाहिलेली गोष्ट सांगतो. माणूस दिसला की काही कुत्री लांबूनच पळायची. काही मान वर करून पाहायची आणि पुन्हा खायला लागायची. जे पळत नाही त्याच्या पोटात जास्त जातं. पोटात जास्त गेलं तर दूध जास्त, जगणारी पिल्लं जास्त. पुढच्या पिढीत न पळणारे वाढले. यात माणसानं काय केलं? काहीच नाही. मेलेलं ढोर टाकलं आणि घरी गेला.

रेमंड कॉपिंजर नावाचे अमेरिकन जीवशास्त्रज्ञ होते, त्यांनी हेच मांडलं. लांडग्यांतले जे कमी बुजरे होते ते माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावर जगू लागले आणि त्यांनी स्वतःच स्वतःला माणसाळवलं. माणूस पुढं सामील झाला.

आता तुम्ही म्हणाल, नुसतं न घाबरल्यानं लांडग्याचा कुत्रा कसा होईल? तर रशियात, नोवोसिबिर्स्कला, दिमित्री बेल्यायेव यांनी १९५९ मध्ये रुपेरी खोकडांवर एक प्रयोग सुरू केला. ल्युडमिला त्रूत या त्यांच्या सहकारी बाईंनी तो पुढं कित्येक दशकं चालवला. कातड्यासाठी पिंजऱ्यात ठेवलेली खोकडं ती. नियम एकच: माणसाला कमी घाबरणारी, कमी चावणारी निवडायची आणि त्यांचाच वंश वाढवायचा. रंग पाहायचा नाही, कान पाहायचे नाहीत, शिकवायचं तर मुळीच नाही. चौथ्या पिढीत पिल्लं माणूस पाहून शेपूट हलवू लागली. पुढच्या पिढ्यांत कोणाचे कान लोंबले, कोणाची शेपटी वर वळली, कोणाच्या अंगावर पांढरे ठिपके आले. म्हणजे भीती कमी झाली की तिच्या मागं बाकीचं ओढलं जातं. तुम्ही म्हणता त्या पिढ्या निघायला फार युगं लागली असतील असं नाही.

आणखी एक. स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दाखवलं की पिठूळ अन्न पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात आणि कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. तुमची भुरी भाकरीवर जगते ना? लांडगा तसा नाही जगणार.

मग माणसाला काय मिळालं? भुंकणं. मोठा लांडगाही भुंकतो, पण क्वचित, आणि बहुधा धोका दिसला तर. तळाच्या आसपास उष्टं खाणारा लांडग्यांचा कळप असला तर दुसरा कळप, अस्वल, परका माणूस आला की पहिली चाहूल त्यांना लागणार. माणसाचा खर्च शून्य. तुमचा कास्तकारीचा हिशेब इथं बरोबर बसतो, कारण गुंतवणूकच नव्हती.

---

मूर्तिजापूरकर

एवढं कौतुक चाललं आहे म्हणून लिहितो. आमच्या गावात कुत्र्यांनी शेजाऱ्याच्या बकऱ्या फाडल्या. शाळेतली पोरं हातात काडी घेतल्याशिवाय जात नाहीत. चावलं की रेबीजच्या लसीसाठी तालुक्याला चकरा. दत्ताच्या पायाशी चार असतात, ते शोभतात. स्टँडवर चाळीस नाही शोभत. ज्यानं पहिला लांडगा जवळ येऊ दिला तो भेटला तर त्याला आमच्या स्टँडवर आणून सोडा.

---

आरमोरीची_शिक्षिका

मूर्तिजापूरकर भाऊ, तुमचा त्रास खरा आहे. पण तो या धाग्याचा प्रश्न नाही.

दवाखानेवाले काका, तुमचं वर्णन छान आहे, पण मला एक अडचण दिसते. गावाबाहेर ढोर टाकायची जागा कधी असते? गाव असेल तेव्हा. हे धुऱ्यावरचे भाऊ ज्या काळाबद्दल विचारतात तेव्हा माणसं आज इथं, महिन्यानं तिथं. टोळी ती केवढी, आणि त्यांचं उष्टं ते केवढं? हाडं फोडून आतला मगजसुद्धा खाणारी माणसं ती. लांडग्यांच्या पिढ्यान् पिढ्या पोसल्या जातील एवढा उकिरडा कुठून येणार? आणि लांडगे त्या टोळीमागं सतत फिरत राहिले असतील, तर टोळीनं ते का चालवून घेतलं?

मला दुसराच रस्ता जास्त खरा वाटतो. मी गडचिरोली जिल्ह्यात शिकवते. माझ्या वर्गातली मुलं जंगलातून काय काय आणतात! पोपटाचं पिल्लू, सशाचं पिल्लू, एकदा एक पोरगी दप्तरात खारीचं पिल्लू घेऊन बसली होती आणि मला दुपारच्या सुट्टीपर्यंत पत्ता नव्हता. फायदा विचारा त्यांना. "बाई, ते एकटं होतं" एवढंच उत्तर येतं. आणि घरी त्याला खाऊ कोण घालतं? आई, नाहीतर आजी. ओरडतात आणि घालतात.

ऑस्ट्रेलियात डिंगो नावाचा कुत्रा आहे. माणसांबरोबर तो तिथं सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी पोचला आणि रानटी झाला. तिथले आदिवासी त्याच्या बिळातून पिल्लं काढून आणत, तळावर वाढवत, रात्री थंडीत कुशीत घेऊन झोपत. बायका त्यांना अंगावर पाजत असल्याच्याही नोंदी आहेत. पिल्लू मोठं झालं की बहुतेकदा रानात निघून जाई. माणसं पुढच्या वर्षी पुन्हा पिल्लं आणत. नफा-तोटा मांडून कोणी हे केलं नसतं.

आणि हे वाचा. जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेलला १९१४ मध्ये दगडाच्या खाणीत एक पुरुष आणि एक बाई यांची पुरलेली हाडं सापडली, सोबत कुत्र्याची. सुमारे १४,२०० वर्षांपूर्वीची. कुत्रं सात महिन्यांच्या आसपासचं, म्हणजे पिल्लूच. २०१८ मध्ये त्याच्या दातांचा नीट अभ्यास झाला, तेव्हा कळलं की त्याला डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूचा आजार झाला होता आणि आजाराच्या झटक्यांतून ते काही आठवडे जगलं होतं. त्या अवस्थेत पिल्लू स्वतः खाऊ-पिऊ शकत नाही. कोणीतरी त्याला पाणी पाजत होतं, उलटी-हगवण पुसत होतं, ऊब देत होतं. ते पिल्लू त्या दिवसांत शिकारीच्या कामाचं नव्हतं आणि राखणीच्याही नाही.

उत्तर इस्राएलमध्ये ऐन मल्लाहा इथं सुमारे १२,००० वर्षांपूर्वीची एक कबर आहे. तिच्यात पुरलेल्या माणसाचा हात पिल्लाच्या अंगावर ठेवलेला आहे. आपल्याकडे श्रीनगरजवळ बुर्झहोमलाही माणसांसोबत कुत्री पुरलेली सापडली, ती बरीच नंतरची, नवाश्मयुगातली.

तेव्हा भाऊ, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: काही भेटत नव्हतं. तरी ठेवलं.

---

मातीखालचं (नागपूर)

मी पुरातत्त्वाचा विद्यार्थी आहे. परीक्षा तोंडावर असताना हा धागा दिसला, दुर्दैव माझं.

काका आणि ताई दोघांच्याही बोलण्यात थोडी भर आणि थोडी काटछाट.

पिठूळ अन्न पचवणारं जनुक पहिल्या पायरीचा पुरावा म्हणून चालणार नाही, काका. त्याच्या जास्त प्रती शेती आल्यावर वाढल्या. थंड मुलखातल्या हस्कीत आणि डिंगोत त्या फार कमी आहेत, आणि कुत्री तर तीही आहेतच. तुमच्या गावकुत्र्याला भाकरी पचते ती शेतकऱ्यांची देणगी आहे, शिकाऱ्यांची नाही. खोकडांच्या प्रयोगालाही एक आक्षेप घेतला गेला आहे. ती खोकडं जंगलातून आणलेली नव्हती, त्यांचे पूर्वज कॅनडातल्या फार्मवर आधीच कित्येक पिढ्या पिंजऱ्यात वाढले होते, आणि ठिपके वगैरे काही खुणा तिथंच दिसत होत्या. भीती निवडीनं झपाट्यानं कमी होते, एवढा निष्कर्ष मात्र टिकतो.

ताई, तुमचा "उष्टं ते केवढं" हा प्रश्न अनेकांनी विचारला. त्यावर फिनलंडच्या मारिया लाहतिनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये एक उत्तर दिलं, ते मला आवडतं. हिमयुगाच्या कडाक्याच्या हिवाळ्यात झाडपाला, कंदमुळं नाहीत, खायला फक्त शिकार. हिवाळ्यात हरीण-घोडे वाळलेले, अंगावर चरबी नाही, नुसतं तांबडं मांस. माणसाचं यकृत नुसत्या प्रथिनावर चालत नाही, एकूण ऊर्जेच्या साधारण पाचव्या हिश्श्यापलीकडे प्रथिनं गेली की माणूस पोटभर खाऊनही आजारी पडतो. म्हणजे चरबी, मगज माणसानं घ्यायचा आणि उरलेल्या सुक्या मांसाचं करायचं काय? लांडगा मात्र तशा मांसावर महिनोन् महिने काढू शकतो. या हिशेबानं त्या दोघांत भांडणच नव्हतं. मूळ प्रश्नात "मटन कोणं चारलं" म्हटलं आहे, त्याचं हे उत्तर: जे माणसाला खाता येत नव्हतं ते चारलं.

वंशाचं म्हणाल तर २०२२ मध्ये ७२ प्राचीन लांडग्यांचे डीएनए तपासून झाले. आजचे कुत्रे युरोपातल्या जुन्या लांडग्यांपेक्षा आशियाच्या पूर्वेकडच्या जुन्या लांडग्यांना जवळचे निघाले. नेमका पूर्वज म्हणावा असा एकही सापडलेला नाही, तो लांडगा बहुधा नामशेष झाला. आपल्या माळावर जो लांडगा दिसतो, तो फार जुन्या वेगळ्या शाखेचा आहे, भुरीचा आजोबा नाही.

भुंकण्याबद्दल धुऱ्यावरच्या भाऊंनी जे लिहिलं ते वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. बुडापेस्टमध्ये पीटर पोंगराट्झ आणि मंडळींनी कुत्र्यांचं वेगवेगळ्या प्रसंगांतलं भुंकणं रेकॉर्ड करून लोकांना ऐकवलं. परका माणूस आला, कुत्रं एकटं बांधलं, खेळतंय असे प्रसंग. नुसत्या आवाजावरून प्रसंग ओळखण्यात लोक अंदाजापेक्षा बरेच वर गेले, आणि ज्यांनी कधी कुत्रं पाळलं नाही तेही. त्याच शहरात लांडग्याची पिल्लं माणसांनी बाटलीनं दूध पाजून वाढवली आणि कुत्र्यांशी तुलना केली. मांस ठेवलेलं झाकण उघडेनासं केलं की कुत्रं थोडं झटतं आणि मागं वळून माणसाच्या तोंडाकडे पाहतं. लांडगा झाकणाशीच झटत राहतो. हातावर वाढला तरी.

बोटानं दाखवलेलं समजणं हे फक्त घरच्या लाडक्या कुत्र्यांचं काम असं वाटत असेल तर कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत अनिंदिता भद्रा यांचा गट रस्त्यावरच्या कुत्र्यांवरच काम करतो. दोन भांड्यांपैकी एकाकडे परक्या माणसानं बोट दाखवलं. निम्मी कुत्री भीतीनं जवळच आली नाहीत, पण जी आली त्यांतल्या साधारण ८० टक्क्यांनी बोट पाहून भांडं निवडलं. कोणीही शिकवलेलं नाही.

आपल्या महाराष्ट्रापुरतं सांगायचं तर दायमाबादची ब्राँझची बैलगाडी पाहा. १९७४ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात सापडली. दोन बैल, गाडीवर उभा माणूस, आणि जुवाला जोडणाऱ्या दांडीवर कुत्रा. बाकी आपल्या विदर्भात माहुरझरी, नायकुंडच्या शिळावर्तुळांत, म्हणजे गोल दगड मांडलेल्या जुन्या कबरींत, माणसांबरोबर घोडा पुरलेला मिळतो. घोड्याचा थाट तेव्हाही वेगळाच होता.

---

धुऱ्यावरचा (केळापूर, जि. यवतमाळ)

वा! एवढं कोणी लिहीन असं वाटलं नव्हतं. घरी मोठ्यानं वाचून दाखवलं. बायको म्हणे, बाईनं बरोबर लिहिलं. तुम्ही हिशेब मांडता, खाऊ तं मीच घालतो ना भुरीले.

तरी माझी शंका अजून पुरती जात नाही. दवाखानेवाले साहेब म्हणतात, उष्ट्यावर आला आन माणसाळला. मंग कोल्ह्यानं काय घोडं मारलं होतं? आमच्या गावाच्या कडेले कोल्हा रोज रात्री येते. कोंबडीची पिसं, मेलेलं वासरू, बोरं, ऊस, सारं खाते. माझ्या आज्याच्या टायमालेबी येत होता. तडसबी येते, हाडं फोडून खाते. हजार वर्षं तं नक्कीच आले असतीन. कोल्ह्याचं एकतरी कुत्रं झालं का? उष्टं खाऊन जनावर माणसाळते तं कोल्हा आतापर्यंत चुलीपाशी बसला पाहिजे होता.

आन बाईलेबी विचारतो. तुम्हीच लिहिलं का डिंगो मोठा झाला का रानात निघून जाई. मंग दर वर्षी नवीन पिल्लू. अशानं जात कशी बदलन? माझ्या आज्यानं हरणाचं पाडस पाळलं होतं म्हणतात, ते पुढं शिंगं मारायले लागलं तं सोडून द्या लागलं. हरीण हरीणच राह्यलं.

सुक्या मांसाची गोष्ट मात्र डोक्यात बसली. हे मले माहीत नव्हतं का माणूस नुसतं मटन खाऊन आजारी पडते. इथं पोळ्याच्या करीले पाहा लोक, कोणालेच माहीत नाही.

---

गुरांचा_दवाखाना (निवृत्त, आर्वी)

कोल्ह्याचा मुद्दा भारी आहे भाऊ. यावर माझं असं म्हणणं.

कोल्हा आपल्या गावात यायला लागला तेव्हा गावात कुत्रा आधीच होता. शेती आणि गावं होण्याच्या आधीच कुत्रं माणसासोबत होतं, हे तुमच्या भाच्यानंच सांगितलं. कोल्ह्यानं चुलीपाशी यायचा प्रयत्न केला तर त्याला कोण हाकलतं? भुरी. जागा भरलेली आहे. गिधाडं गेली तेव्हा कुत्री आली, तसं कुत्री गेली तर दोन-चारशे पिढ्यांनी कोल्ह्याचं काय होईल ते मला सांगता यायचं नाही, पण आज त्याला दारच बंद आहे.

दुसरं, लांडगा कळपात राहतो. कळपात मोठा कोण, लहान कोण, कोणाच्या तोंडाकडे पाहायचं, पिल्लं सगळ्यांनी मिळून वाढवायची, हे त्याच्या रक्तात आहे. कोल्हा बहुतेक जोडीनं राहतो.

---

मातीखालचं (नागपूर)

कळपाचं कारण एकटं पुरणार नाही, काका. आपल्या ताडोब्यात, नागझिऱ्यात रानकुत्रा (कोळसून) लांडग्याहून पक्क्या कळपात राहतो, सगळे मिळून पिल्लं वाढवतात, शिकार करून आल्यावर पिल्लांना ओकून भरवतात. त्याला कोणी माणसाळवलं नाही. मला वाटतं लांडग्याच्या बाजूनं जमून आलेली गोष्ट म्हणजे जागा. उत्तरेच्या उघड्या गवताळ मुलखात माणूस आणि लांडगा एकाच हरणा-घोड्यांच्या मागं होते. रोज एकमेकांना दिसत होते. रानकुत्रा झाडीत राहतो, तो दिसतोच किती?

---

आरमोरीची_शिक्षिका

भाऊ, तुम्ही मला अडकवलंत, पण पुरतं नाही.

डिंगोच्या बाबतीत तळाबाहेर लगेच रान होतं आणि रानात बाकीचे डिंगो होते, म्हणून तो परत जाऊ शकला. शिवाय त्याला थांबवण्यासारखं माणसाकडे काही नव्हतं. आता मातीखालचं म्हणतात तो हिवाळा घ्या. बाहेर बर्फ, शिकार कठीण, आणि तळावर माणसाला नको असलेल्या मांसाचा ढीग. मोठी झालेली मादी कशाला जाईल? तिथंच विणार. तिची पिल्लं जन्मापासूनच माणसांत. लांडग्याचं पिल्लू माणसाळायचं तर दोन-तीन आठवड्यांच्या आत माणसाच्या हातात यावं लागतं, लांडगे वाढवणारे सगळे हेच सांगतात. तळावर जन्मलेल्याला आणायलाच नको.

आणि चावणाऱ्या पिल्लाचं काय होत असेल? ज्या झोपडीत लेकरं आहेत तिथं चावरं पिल्लू दुसऱ्या दिवशी दिसणार नाही. रशियातल्या शास्त्रज्ञांनी पिंजऱ्यापाशी वही घेऊन जे केलं ते आजीबाईंनी काठी घेऊन केलं असेल. काकांचं उष्टं, माझं पिल्लू, दोन्ही एकाच तळावर.

---

मूर्तिजापूरकर

ती काठीवाली आजी आमच्या स्टँडवर पाठवा.

---

धुऱ्यावरचा (केळापूर, जि. यवतमाळ)

ताई, हे पटलं. तळावर विली तं खेळ पलटला. आमच्या भुरीले तरी कुठं कोणं आणलं? तिची माय आमच्या कडब्याच्या गंजीत विली होती. गंजी आमची, म्हणून कुत्री आमची.

फक्त भुकण्याचं मी सोडत नाही. तुम्ही कोणीच जागलीले गेले नसान म्हणून सांगतो. पहिला फायदा मांस नाही, शिकारबी नाही. झोप! भुरी नव्हती त्या साली मी आन भाऊ आळीपाळीनं जागत होतो, आन दिवसा वावरात बैलामागं डोळे मिटत होते. आता डोळा लागला तरी चालते. रात्रभर जागा राहणारा माणूस दुसऱ्या दिवशी शिकार काय करन? ज्या टोळीजवळ भुकणारं जनावर होतं ते लोक झोपून उठत होते, बाकीचे जागून. हे शास्त्रज्ञाइले कोणीतरी सांगा.

आन साहेब, एक कामाचं विचारतो. ताईनं त्या जर्मनीच्या पिल्लाचा आजार लिहिला. लाल्याची दोन भावंडं गेल्या साली अशीच गेली. डोळ्याले, नाकाले घाण, खाणं बंद, मंग पाय आपोआप झटके मारत. कोणी म्हणे करणी, कोणी म्हणे साप. भुरी आता पुन्हा गाभण हाय. हा तोच आजार काय?

---

गुरांचा_दवाखाना (निवृत्त, आर्वी)

लक्षणं त्याचीच आहेत. न पाहता शपथेवर सांगणार नाही, पण डोळे-नाक वाहून नंतर पायाला झटके, म्हणजे डिस्टेंपरच असण्याची शक्यता जास्त. विषाणूचा आजार आहे. एकदा झाला की त्याच्यावर थेट औषध नाही, नुसती शुश्रूषा. लस आहे.

पिल्लं सहा ते आठ आठवड्यांची झाली की पहिला डोस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा, सोळा आठवड्यांची होईपर्यंत. एक टोचून थांबू नका, आईच्या दुधातून आलेली ताकद लहान वयात लसीला काम करू देत नाही. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर वेगळी. भुरी विल्यावर बाहेरची कुत्री तिच्या गंजीजवळ येऊ देऊ नका. डिस्टेंपरची लस सरकारी दवाखान्यात बहुधा मिळत नाही, औषधाच्या दुकानातून बर्फात घालून आणावी लागते. दुपारच्या उन्हात मोटरसायकलच्या डिकीत आणली तर पाणी टोचल्यासारखं आहे.

आणि तुमचं वावर टिपेश्वरला लागून आहे म्हणून हे मुद्दाम लिहितो. हा विषाणू फक्त कुत्र्यांचा नाही. वाघ, बिबट्या, रानकुत्रे, कोल्हे यांनाही होतो. २०१८ मध्ये गीरचे सिंह मेले, त्यांच्यातही हाच सापडला होता. मेलेलं पिल्लू धुऱ्यावर टाकू नका, खोल पुरा. गावातल्या बाकीच्या लोकांनाही सांगा, दहा-पंधरा पिल्लं एकदम जमवली तर कोणीतरी येऊन टोचून देईल. नाहीतर मला कळवा, हात अजून चालतो.